घाणेरीची भावकी

यंदा पुन्हा बांधावर घाणेरी फुलली. उपटली, जाळली, मुळ्या खणून काढल्या, तरी ही बया कुठून ना कुठून वर येतेच. भादवा सरत आला की काळ्या रानातून वाफ निघते, तुरी गुडघ्याच्या वर जातात, आणि एके सकाळी बांधाच्या कडेला पिवळा-नारिंगी गुच्छ दिसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बरा वाटतो. फटफटीवाले थांबून मोबाईलवर फोटो काढतात. मी आधी काठीनं पान उलटं करून बघतो. फुलाचं कौतुक नंतर. आधी ते कुणाचं कोण, ते कळलं पाहिजे.

मी चौथीतून शाळा सोडली, ती पुन्हा धरली नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. डोळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही, कानांवर तर अजिबात नाही. बोटांवर आहे. घोडेगावच्या बाजारात जनावराचा सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची, आणि काय असेल ते बोटांनीच बोलायचं. भोवतीची माणसं नुसती आपली तोंडं बघत राहतात. त्या रुमालाखाली माझं अर्धं आयुष्य गेलं. हाताला घाम सुटला का, करंगळी आखडली का, यावरून समोरचा काय दडवतोय ते मला कळतं. आजही आमच्या आठ-दहा गावांतली माणसं मला सोबत नेल्याशिवाय जनावर घेत नाहीत.

झाडाचंही मी तसंच करतो. डोळे मिटायचे नि दांडी चिमटीत फिरवायची. घाणेरीची दांडी गोल फिरत नाही, अडते. तिला चार कडा असतात आणि कडांवर बारके उलटे काटे. पानं समोरासमोर, जोडीजोडीनं. खालची जोडी पूर्व-पश्चिम असली तर वरची दक्षिण-उत्तर. पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. चुरगळलं की असा वास उठतो की नाव ठेवणाऱ्यानं काही लपवलं नाही हे पटतं. फुलाचा मात्र मला सगळ्यात जास्त संशय. गुच्छात कडेची फुलं आधी उमलतात, मधली मागून. उमलतं तेव्हा पिवळं, जरा जुनं झालं की नारिंगी, मग लालसर. एकाच डोक्यावर तीन रंग. असलं काही मी दारात लावत नाही.

हे सगळं मी त्या एका भादव्यात शिकलो. त्याआधी घाणेरी म्हणजे घाणेरी, एवढंच माहीत होतं.

गयावहिनी माझ्या थोरल्या चुलत भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं रान आणि माझं रान यांच्या मध्ये एक बांध, बांधावर एक जुना कडुलिंब, आणि लिंबाच्या बुडाशी घाणेरीची जाळी. त्या जाळीवरनंच आमचं बोलणं तुटलेलं. ती म्हणायची, घाणेरी माझ्याकडून तिच्या रानात शिरली. मी म्हणायचो, पाखरं काळी फळं खातात आणि वाटेल तिथं बी टाकतात, पाखरांना बांध दिसत नाही. जाळी कुणी काढायची यावर दोघंही हटून बसलो. घाणेरी तेवढी वाढत राहिली.

त्या साली वहिनीनं घोडेगावहून गाय आणली. मला विचारलं नाही. आपल्या भावाला घेऊन गेली. त्या भावाला गाईचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं एवढं कळतं, पुढचं विचारू नये. गाय संकरित, काळी-पांढरी, कालव्याच्या पट्ट्यातली. गोठ्यात जन्मलेली, मुरघास आणि उसाचं वाढं खाऊन मोठी झालेली. नाव राणी. बांधावरून मी तिला एकदा नीट बघितली. कास चांगली होती, पाठ सरळ होती. पण डोळा भाबडा होता. जनावर भाबडं असलं की मला खटकतं.

गौरी गेल्या आणि राणीनं रवंथ सोडला. मग डोळे पिवळे पडले. मग कातडं. असं कातडं मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. तिच्या अंगावरचं जेवढं पांढरं होतं तेवढं सुजलं, तडकलं आणि वाळलेल्या सालीसारखं सुटायला लागलं. काळं मात्र जसंच्या तसं, तेल लावल्यासारखं चकचकीत. पांढरं कुठं संपतं आणि काळं कुठं सुरू होतं, तिथं बरोबर रेघ. जणू कुणी कुंचला घेऊन बसलं होतं आणि फक्त पांढरं भाजत गेलं होतं.

आपोआप असं नेमकं काही होतं, यावर गावात कुणाचा विश्वास बसेना. माझाही बसला नाही. कुणाचा तरी हात आहे, हे मीही धरून चाललो. फक्त बाकीच्यांनी तो हात माझा धरला होता.

कारण त्याच आठवड्यात माझ्या पाठीवर फवारणीचा पंप होता. तुरीवर अळी पडलेली, मी औषध मारत होतो. तुरी बांधाला लागून. वहिनीनं ते बघितलं. सकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो तर माणसं बोलायची थांबली. दूध मोजणारा वाल्मीक तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "आबा, कोनतं औषध मारलं हो? लई नेमकं लागलं. काळ्याला सोडून पांढऱ्यालाच!"

सगळे हसले. मी कासंडी उचलली आणि परत फिरलो. हसण्याचं काही नाही, पण त्या हसण्यात कुणीच 'आबा असं करायचा न्हाई' म्हणालं नाही. ज्या माणसाच्या बोटावर लोक जनावर घेतात, त्यानं विधवेच्या गाईला विष घातलं, असं एकदा बसलं की ते उठत नाही. मग बाजारात माझ्या रुमालाखाली कोण हात घालणार?

वहिनी सरळ माझ्या दारात आली. हातात पितळी वाटी, वाटीत भंडारा. माझी सून ओसरीवर, शेजारी दारात.

"भाऊजी, भंडारा उचला. म्या काई केलं न्हाई म्हना, मी निमूट जाते."

"ज्यानं केलं त्यानं उचलावा. मी कशाला उचलू?"

"काई केलं न्हाई, तर मग हाताला जड का हुतोय?"

"हात माझा हाय. कवा उचलायचा ते मी ठरविन."

ती वाटी तशीच घेऊन गेली. सून आतून म्हणाली, "आबा, उचलला असता तर काय झिजलं असतं?" झिजलं असतं. न केलेल्या गोष्टीची शपथ घेतली की ती गोष्ट आपल्या दारात येऊन बसते. मी तेव्हाही हेच म्हणत होतो, आजही म्हणतो.

जनावरांचे डॉक्टर फटफटीवर आले होते. त्यांनी गाईचा डोळा ओढून बघितला आणि पहिलाच सवाल केला, "घाणेरी खाल्ली का?" वहिनी नाही म्हणाली. गोठ्यापाशी जमलेला सगळा गाव नाही म्हणाला. बांधापलीकडून ऐकत होतो तो मीसुद्धा मनात नाहीच म्हणालो. आमच्याकडचं जनावर घाणेरी हुंगतं, फुरफुरतं आणि सोडून देतं. वासरू आईच्या मागं चरताना ते शिकतं. घाणेरीच्या जाळीत आमच्या शेळ्या रात्रंदिवस हिंडतात, पाल्याला तोंड लावत नाहीत. डॉक्टर नवा दिसतो, असं लोक म्हणाले. त्यांनी औषध दिलं आणि बजावून गेले, "उन्हात अजिबात काढू नका. सावलीत बांधा."

वहिनीनं तसंच केलं. आणल्यापासून ती राणीला दुपारची लिंबाखालीच बांधायची, आता सकाळ झाली की लगेच त्या सावलीत आणून बांधायला लागली. गोठ्याचा पत्रा तापतो, लिंब गार. यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

त्याच दिवसांत माझी नात रोहिणी आली. ती राहुरीला शेतीचं शिकते. तिला एका घराण्याची झाडं गोळा करून न्यायची होती. मी विचारलं, कोणतं घराणं? ती म्हणाली, "घाणेरीचं." मला आधी वाटलं पोरगी थट्टा करते. मग वाटलं, हिला कुणी तरी मुद्दाम पाठवलंय. त्या दिवसांत मला सगळंच मुद्दाम वाटायचं.

पण नात ती नात. तिला घेऊन रानोमाळ हिंडलो. पाझर तलावाच्या काठाला ओलीत जमिनीलगत जलपिंपळी पसरते. आम्ही तिला आयुष्यभर तुडवत आलो. रोहिणीनं तिचं बोंड खुडून तळहातावर ठेवलं. बोंड ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं आणि त्याच्या कमरेला पांढऱ्या-जांभळट फुलांचं बारकं कडं. "ही घाणेरीची बहीन, आबा." मी वाकून दांडी चिमटीत धरली. कडा होत्या. पानं समोरासमोर. मग सरपंचाच्या बंगल्याचं कुंपण. निळी फुलं आणि पिवळ्या मण्यांच्या लोंबत्या माळा, नर्सरीवाले त्याला ड्युरांटा म्हणतात. तीही त्यातलीच. रोहिणी म्हणाली, तिच्या कॉलेजात आणखी एक आहे, उंदराच्या शेपटीएवढा लांब तुरा आणि त्यावर एका वेळी चार-दोनच निळी फुलं उघडतात. कुंडीतली वर्बेनासुद्धा यांचीच, आणि सगळ्या घराण्याला म्हणे तिचंच नाव. कुंडीतलीचं नाव घराण्याला, आणि माळावरचीला घाणेरी! मोठ्या घरांत हे असंच चालतं.

"कसं वळखायचं?" मी विचारलं.

"एका खुणेवर जायचं न्हाई, आबा. चौकोनी दांडी कुनाचीबी असती. दांडी बघा, समोरासमोर पानं बघा, मग फूल बघा. खाली नळी, वर चार-पाच पाकळ्या, पन सारख्या न्हाईत, जरा वाकड्या. आन् तुरा कडेकडनं उमलत जातोय का, ते बघा."

"मग निरगुडी? ती पन चौकोनी."

"निरगुडी आदी ह्यांच्यातच हुती. सागबी हुता. आता त्यास्नी तुळशीच्या घरात घातलं."

मी जागीच थांबलो. "कुनी घातलं?"

"शास्त्रज्ञांनी."

"निरगुडीला इचारलं?"

ती हसत सुटली. "आबा, निरगुडी हाय तिथंच हाय. आपनच तिला चुकीच्या घरात धरत हुतो."

मला ते पटलं नाही, अजून पूर्ण पटलेलं नाही. अख्खी भावकी एका रात्रीत बदलता येत असती तर मी कधीच बदलून घेतली असती. पण तिचं एक बोलणं डोक्यात बसलं. मी विचारलं होतं, ह्यांच्यातली विषारी कोणती? ती म्हणाली, "जलपिंपळी औषधाची. ड्युरांटाचे मनी वाईट. आन् घाणेरीचा पाला जनावराच्या काळजावर, म्हंजी यकृतावर जातो. मग त्याला ऊन सोसत न्हाई. पांढरं कातडं पयलं जळतं."

म्हणजे डॉक्टरांचंच बोलणं. माझी मान काही हलली नाही. घाणेरी विषारी असेल, पण ती जनावर खातच नाही, तर तिला दोष कसा द्यायचा? ज्यानं तोंडात नेऊन घातली, तो शोधायला पाहिजे. माझा संशय वहिनीच्या भावावर गेला. गाय त्यानं घेतलेली, फसलेली, मेली तर त्याचं हसं झाकतं. मग वाल्मीकवर गेला. तो इतका हसला का? घाणेरीच्या गुच्छासारखंच झालं ते. कडेचे आधी उमलत होते आणि मधलं काही केल्या उघडेना.

मी ठरवलं, हात पकडायचा. भर दुपारी तुरीत जाऊन बसलो. तुरीच्या दोन ओळींमधून लिंब नीट दिसत होता. वारा नव्हता. मुंग्या पायावर चढत होत्या. राणी सावलीत उभी, अंगावर माश्या, सोललेल्या पांढऱ्यावर वहिनीनं लावलेलं मलम. कोणी येत नव्हतं. दोर लांब सोडलेला. मग तिनं मान लांब केली, जीभ बाहेर काढली, घाणेरीच्या शेंड्याला विळखा घातला आणि तोडला. पानं, फुलं, हिरवी फळं, सगळं. डोळे मिटून चघळायला लागली.

मी डोळे चोळले. तिला हुंगावंसंही वाटलं नाही. हुंगून सोडायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. गोठ्यात समोर पडेल ते आपलं, एवढंच ते जनावर शिकलं होतं. ना तिची आई कधी बांधावर चरलेली, ना ती.

तरीही माझा डोळ्यांवर भरवसा नाही. मी तुरीतून उठलो, बांध ओलांडला, गाईपाशी गेलो आणि तिच्या जबड्यातून लोंबणारी काडी ओढून काढली. डोळे मिटले. चिमटीत फिरवली. चार कडा. बारके काटे. वास.

"सापडलात!"

वहिनी. डोक्यावर पाण्याची कळशी, आणि माझा हात तिच्या गाईच्या तोंडात. मी स्वतः पंच असतो तरी स्वतःलाच धरलं असतं.

"आता तरी उचला भंडारा," ती म्हणाली. "माझी गाय मेल्यावर काय भेटनार हाय तुमाला? बांध? घ्या बांध. निस्ती गाय ऱ्हाऊ द्या."

समजावून सांगायचं माझ्या तोंडात आलं होतं. गिळलं. आता काहीही बोललो असतो तरी ते चोराचं बोलणं झालं असतं. काडी तिच्यासमोर टाकली आणि म्हणालो, "वहिनी, कळशी खाली ठिवा. बसा. मी बोलत न्हाई, तुमी बोलू नका. निस्तं बघा."

"काय बघू?"

"बघा."

ती बसली. मी माझ्या बाजूला, ती तिच्या बाजूला, मध्ये बांध. लिंबाची सावली थोडी सरकली. तिची नजर गाईवर नव्हतीच, माझ्या हातांवर होती. मी दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले. मग राणीनं मान लांब केली. जीभ शेंड्याला लागली आणि मी दोर खसकन मागं ओढला.

"अगं बया!" वहिनी उठली. "ही तर सोताच खाती!"

"सोताच."

ती गाईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "पन हिला शिकवलं कुनी?"

"कुनीच न्हाई. त्योच तर घोटाळा हाय."

"तुमी तुरीत कशाला दडला हुता मग?"

"तुमच्या भावाला धरायला."

ती पहिल्यांदा हसली, आणि लगेच पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती, मी बघितलं नाही. मी दोर सोडत होतो. पांढऱ्यावर ऊन पडू नये म्हणून तिनं घरून जुनं लुगडं आणून टाकलं, मी माझं उपरणं टाकलं, आणि दोघांनी मिळून गाय तिच्या गोठ्यात नेली. वाटेत वाल्मीक फटफटीवर भेटला. थांबला, तोंड उघडलं, वहिनीकडे बघितलं आणि मुकाट्यानं पुढं गेला.

डॉक्टर पुन्हा आले. कोळशाची बारीक पूड पाण्यातून पाजली, सुई दिली. पत्र्यावर आम्ही उसाचं पाचट टाकलं म्हणजे गोठा तापू नये. बरेच दिवस गाय जगते का जाते, सांगता येईना. मग एके सकाळी रवंथ सुरू झाला. सोललेल्या जागी आधी गुलाबी कातडी आली, मग तिच्यावर पांढरे केस. डेअरीवर माझ्यासमोर पुन्हा बोलणं सुरू झालं. माफी कुणी मागितली नाही. मागितली असती तर मला पुन्हा संशयच आला असता.

बांधावरची जाळी दोघांनी मिळून काढली. तिच्या जागी निरगुडी लावली, शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. मी प्रत्येक रोपाची दांडी बघूनच लावली. घर बदललेलं माणूस असो का झाड, आधी बोटांनी बघावं. रोहिणी म्हणते निरगुडी तुळशीतली. असेल. मला तिच्या पाल्याची उटी गुडघ्याला लागते, तेवढ्यापुरतं मी तिला माझ्या घरात धरलं आहे.

वहिनीला एक सवय लागली आहे. रानात अनोळखी काही उगवलं की खुडते, पदराखाली धरते आणि बांधावर येते. "भाऊजी, हात द्या." मी पदराखाली हात घालतो, बाजारात घालायचो तसा. न बघता सांगायचं. एकदा तिनं जलपिंपळी दिली, एकदा सरपंचाच्या कुंपणाची फांदी. एकदा मुद्दाम तुळस दिली, मी फसतो का बघायला. अजून तिचा माझ्यावर पुरता विश्वास नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. संशय घेणारं माणूस निदान बघतं तरी.

काल पुन्हा आली. पदराखालची दांडी मी चिमटीत धरली. अडली. काटे. पदर वर न करताच मी म्हणालो, "आली परत."

"कुठनं आली वो?"

"तुमच्या बाजूनं."

"न्हाई, तुमच्या!"

थोडा वेळ भांडलो. मग ती राणीला घेऊन आली. गाय आता थोराड झालीय, डोळा तसाच भाबडा. वहिनीला तालुक्याला जायचं होतं. तिनं दोर लिंबाच्या माझ्या बाजूच्या खुंटाला बांधला, कळशीतलं पाणी घमेल्यात ओतलं आणि निघाली. मी बघत होतो. पांदीच्या वळणापर्यंत ती एकदाही मागं वळली नाही.

मी मात्र उठलो नाही. ऊन कललं, तुरीवरची पाखरं गेली, सून जेवायला हाका मारून दमली. वहिनीचा माझ्यावर बसला असेल विश्वास. माझा अजून त्या गाईवर नाही.